रंगनाथ मास्तरांचं नॅट

म्हैसूर
१२ मार्च १९८६

वनजे,

आधी भांडून घेते, मग कामाचं लिहिते. तुम्ही दोघं येऊन गेलात त्याला वर्ष झालं. जाताना रिक्षातून ओरडलीस, "पोचल्या पोचल्या पत्र टाकते गं!" ते पत्र नाशिकहून चालत येतंय वाटतं. शाळेपासून तुझं हे असंच. तोंड पुढं आणि बाकी सगळं मागं.

आता काम. उद्या रेल्वेनं एक खोकं सुटतंय, तुझ्या सार्जंट नागोजींच्या नावानं. आत विमान आहे. दचकू नकोस, लाकडाचं आहे, दीड वीत लांब.

आमच्या दुकानात कोटांच्या कपाटावर अकरा विमानं मांडलेली तू बघितलीस ना? त्याची कथा अशी की, चार वर्षांमागं एका गिऱ्हाइकानं परदेशातून सुट्या भागांचा एक डबा आणून यांना दिला. भाग जोडायचे, रंगवायचे, लढाऊ विमान तयार. मी म्हटलं, "अय्यो, पन्नाशी उलटलेल्या टेलरला खेळणं!" पण त्या दिवसापासून माणूस गेला तो गेलाच. एकादशीला विठ्ठलाच्या देवळात बसले तरी डोळे मिटून विमानाचाच विचार करत असणार, मी पैजेवर सांगते.

तर तुझे सार्जंट त्या अकरा विमानांपुढं कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "रंग्या, नॅट कुठाय? माझी हवाई दलातली सतरा वर्षं ज्याच्या पोटाखाली गेली ते विमान नाही, मग बाकीची काय चुलीत घालायची?" एवढं बोलून तुम्ही गाडीत बसलात. इथं आमच्या मास्तरांची झोप उडाली. (साऱ्या म्हैसुरात यांना रंगनाथ मास्तर म्हणतात, मग मीच एकटी वेगळं कशाला म्हणू?) नॅटचा डबा कुठं मिळेना. शेवटी चन्नपट्टणला बाहुल्या करतात ते लाकूड आणलं. सार्जंटनी धाडलेल्या नकाशावरून कागदाचे पॅटर्न कापले, कोटाचे कापतात तसेच. फुटाला अर्धा इंच हे माप. वैमानिकाच्या डोक्यावरची काच म्हणजे शर्टाच्या खोक्याचं पारदर्शक झाकण, निखाऱ्यावर मऊ करून साच्यावर ओढलेलं. आणि पत्र्याचे रिव्हेट कसे दाखवले सांगू? कापडावर खुणा उमटवायचं आमचं दातेरी चाक असतं ना, ते फिरवलं. सगळ्या अंगावर बारीक ठिपक्यांची रांग उठली. मी बघतच राहिले गं. तीस वर्षं ते चाक मशीनच्या खणात पडून होतं, त्याला हेही येतं हे कुणाला ठाऊक!

मास्तरांचा निरोप आहे: हे फायनल नव्हे, ट्रायल आहे. कच्च्या टाक्यांवर कोट घालून बघतात तसं बघा आणि कुठं सैल, कुठं घट्ट ते खडूनं मारून परत पाठवा.

उत्तर पाठवलं नाहीस तर पुढच्या वेळी तुझ्या ब्लाउजला मागं बटणं लावीन.

तुझी
कुसुम

*

नाशिक
२ एप्रिल १९८६

कुसुमताई,

घे बाई, आलं पत्र! बटणं पुढंच राहू देत.

खोकं आलं तेव्हा सार्जंट अंघोळीला बसले होते. तसेच टॉवेलावर बाहेर आले. पण विमान बाहेर काढलं आणि त्यांचा चेहरा पडला. मग टेप काढली. पंखांची रुंदी नॅटची बावीस फूट, म्हणजे तुमच्या मापानं अकरा इंच. भरले साडेअकरा! लांबी मोजली, तीही अर्धा इंच जास्त. पोट, शेपूट, जिथं टेप लावावी तिथं जास्त. म्हणाले, "सगळं एकमेकांना बरोबर बसतंय, पण विमान फूटभर फुगलंय. हे नॅट आहे की गाभण म्हैस? असं झालंच कसं?" नकाशा तपासला, चष्मा पुसला, पुन्हा मोजलं. अर्धा दिवस डोकं धरून बसले.

मला हसू आवरेना. मी उठले, मास्तरांनीच शिवलेलं माझं झंपर कपाटातून काढून उलटं केलं आणि त्यांच्या नाकासमोर धरलं. "हे बघा. शिवणीला पाव इंच. दोन्ही बाजूंना पाव पाव. मास्तरांनी विमानाला शिवणीचं कापड सोडलंय!"

अगं, माणूस इतका हसला की शेजारची जोशीण डोकावली. "जगात एवढी विमानं झाली," म्हणतात, "पण उसवून सैल करता येईल असं विमान एकट्या रंग्यानंच केलं!"

हसणं झालं, आणि मग ते विमान घेऊन खिडकीशी बसले. मी गेले तर भिंग लावून पंखावरचं हवाई दलाचं गोल चिन्ह बघत होते. बाहेर हिरवा, मधे पांढरा, आत केशरी. म्हणाले, "वनजा, ही रेघ बघ. कुठं जाड नाही, कुठं बारीक नाही. आमच्या हँगरमध्ये एक पेंटर होता, तो श्वास रोखून अशी रेघ ओढायचा. त्याच्यानंतर हा हात आज बघतोय. साठीला आलेल्या माणसाचा हात आहे हा? रंग्याला मानलं आपण."

आमच्या यांनी कुणाला मानलं हे मी पस्तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. मास्तरांना नक्की सांग.

विमान परत येतंय. खडूच्या खुणा आहेत, सोबत चार पानं सूचना. चार पानं वाचून मास्तर चिडले तर पाणी दे.

तुझी
वनजा

*

म्हैसूर
२१ एप्रिल १९८६

वनजे,

शिवणीचं वाचून दाखवलं तेव्हा मास्तर आधी लाल झाले. मग स्वतःच हसले. "पॅटर्न कापताना हात आपोआप बाहेरनं गेला गं," म्हणाले. "लाकडाला शिवण नसते हे डोक्याला माहीत, हाताला कोण सांगणार?" लगेच दुसरं लाकूड कापायला घेतलं आहे.

आता पुढचं वाचायच्या आधी दार लाव. आणि विठ्ठलाची शपथ घे की हे सार्जंटच्या कानावर जाणार नाही. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला चांगलं माहीत आहे, पण सांगायला दुसरं आहे कोण मला?

ती रेघ यांची नव्हे. माझी आहे.

दोन वर्षं झाली, मास्तरांचा हात थरथरतो. पहिल्यांदा सुईत दोरा जाईना. मग कात्री चालेना. डॉक्टर म्हणाले, वयाचं नाही, नसांचं आहे, औषधानं सांभाळायचं पण जाणार नाही. पटाशी, कानस, पॅटर्न कापायची जाड सुरी असं जड काही घट्ट आवळून धरलं की हात पुष्कळ थांबतो, म्हणून लाकूडकाम सगळं त्यांचंच. हलकी वस्तू हातात आली की सुटतो. दुकानात कटिंग भावाकडे दिलं आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, "आता आराम करायचा." सगळ्यांना खरं वाटलं. तुम्ही आलात तेव्हा सगळा वेळ हात मागं बांधून बसले होते. तुलाही कळलं नाही ना?

रंग माझ्याकडे आला तो असा. एकदा ब्रश धरून बसले होते आणि गोलाचा पार सडा झाला. मी त्यांच्या हातातून ब्रश घेतला. जरीचं काम केलेले हात माझे. जमलं. तेव्हापासूनची सगळी विमानं अशीच झाली.

पण हे कुणाला कळता कामा नये. सार्जंटला तर मुळीच नाही. तुझ्या लग्नातला सार्जंटचा सूट यांनी शिवलेला, आठवतो? "हात बघावा तर रंगनाथचा" असं गावानं म्हटलेलं ऐकून हा माणूस जगला. हात गेला हे बाहेर समजलं, लोकांनी अरेरे केलं, की मास्तर बसले ते पुन्हा उठायचे नाहीत. मला त्याचीच भीती आहे. बाकी कशाची नाही.

आणि एक सांगू? सार्जंटनी त्या रेघेचं कौतुक केलेलं वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आनंदानं का कशानं ते मला विचारू नकोस.

कुसुम

*

नाशिक
३० जून १९८६

कुसुम,

शपथ पाळली आहे. जीभ चावून चावून तोंड आलंय.

नवं नॅट आलं. काय सांगू! टेप लावली, अकराला अकरा. सार्जंट त्याला हात लावायच्या आधी हात धुवून आले. टेबलावर ठेवून स्वतः खाली वाकले, डोळे विमानाच्या पोटाशी नेले आणि मला म्हणाले, "इथं उभा असायचो मी. एवढंसं विमान, शिडी लागायची नाही. उभ्या उभ्या सगळं हाताशी. उन्हात पत्रा असा तापायचा की कोपर टेकवलं तर फोड." पस्तीस वर्षांत इतकं बोलले नव्हते गं माझ्याशी त्या नोकरीबद्दल. मी चहा टाकायचं विसरून ऐकत बसले. तुझ्या मास्तरांचे उपकार आहेत माझ्यावर.

पण त्याच आनंदात त्यांनी एक घोळ घातलाय.

त्यांच्या तुकडीतले जुने फिटर लोक दसऱ्याला म्हैसुरात जमणार आहेत. निम्मे तिकडचेच. बन्नीमंटपाजवळ एक हॉल घेतलाय. सार्जंटचं म्हणणं असं: "वैमानिकाचं नाव काचेखाली रंगवतात. पाना-पकड घेऊन जे झिजले त्यांची नावं कुठंच नसतात. आमच्या सात जणांची नावं या नॅटच्या चाकावर मिटणाऱ्या झडपेवर हवीत. आणि ती रंग्यानं सगळ्यांसमोर बसून लिहायची. असा हात पोरांनी बघायलाच पाहिजे." पोरं म्हणजे सगळी साठीची, बरं का.

मी म्हटलं, घरून लिहून आणू देत की. तर म्हणे, "तुला काय कळतं त्यातलं?" आणि सगळ्यांना पत्रं टाकूनसुद्धा झाली: रंगनाथ मास्तर समक्ष रंगवून दाखवणार. झडप मोकळी ठेवून विमान परत पाठवतायत.

काय करू सांग. म्हणालीस तर मी आजारी पडते.

वनजा

*

म्हैसूर
१२ जुलै १९८६

वनजे,

तू आजारी पडून काय होणार? इथं म्हणतात तसं साकु, म्हणजे पुरे झालं.

सार्जंटचं पत्र मीच वाचून दाखवलं. मास्तर उठले. विमान ट्रंकेत ठेवलं, वर शाल घातली, झाकण लावलं. मग म्हणाले, "लिही त्याला, दसऱ्यात मी बेट्टदपुरला अंबूताईकडे जाणार." अंबूताई म्हणजे यांची थोरली बहीण. आता दसऱ्यात म्हैसूर सोडून कोण बेट्टदपुरला जातं सांग? लोक तिकडून इकडे येतात. पण म्हणाले म्हणून लिहिलं.

परवा देवळातून लवकर परत आले तर हे गच्चीवर. ते पहिलं जाडं विमान पुढ्यात, उजवं मनगट टेबलाच्या पायाला पंच्यानं करकचून बांधलेलं आणि बोटांत ब्रश. झडपेवर काय होतं ते लिहीत नाही. मला बघून पंचा सोडायला गेले तर तोही सुटेना. मी सोडला. मनगटावर वळ उठले होते. तेव्हा म्हणाले, "कुसुम, नागोजीनं मला मानलं ते तुझ्या हातासाठी. मी चोर आहे."

मी चिडले. म्हटलं, "आणि ते पंख कुणी घडवले? ते पोट, ती काच, ते रिव्हेट? माझ्या रेघेला अंग तुमचंच आहे की!" ऐकतात कुठं. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे खांदे मोजून मोजून या माणसाला स्वतःचं माप घेता येत नाही.

काही सुचत नाही गं.

कुसुम

*

नाशिक
१० ऑगस्ट १९८६

कुसुम,

वाईट लिहायचं आहे, रागावू नकोस.

बेट्टदपुरचं पत्र वाचून सार्जंट आधी नुसते चक्रावले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "कळलं मला. ते रंगकाम रंग्याचं नाहीच. कुणा बोर्ड रंगवणाऱ्याला पकडून करून घेतलं आणि मला आपलं म्हणून दाखवलं. म्हणून आता पळतोय." मी म्हटलं, "असं कसं बोलता?" तर उसळले. "आमच्यात ज्यानं काम केलं त्यानंच सही करायची. दुसऱ्याच्या कामाखाली आपली सही ठोकणाऱ्याला आम्ही हँगरात उभं करत नव्हतो. मित्र असला म्हणून काय झालं?"

अर्धं खरं आहे ना गं ते? म्हणूनच मला जास्त लागलं. सगळं जिभेवर आलं होतं. देवघरात जाऊन विठ्ठलाच्या तसबिरीपुढं उभी राहिले आणि गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा.

पण ऐक. अरेरे केलेलं सोसणार नाही म्हणून मास्तर लपवतायत, आणि इकडे त्यांच्या नावाला चोराचा डाग लागतोय. यातलं कुठलं बरं? मी शपथ मोडणार नाही. मोडायची तर त्यांनीच मोडायची. हे पत्र त्यांना दाखव. माझ्यावर चिडले तर चिडू देत.

मी काही दसऱ्याला येत नाही. लेकीचे दिवस नेमके तेव्हाच भरतायत, तिला सोडून निघता येणार नाही. म्हणजे जे काय होईल ते तुलाच निभवायचं आहे.

वनजा

*

म्हैसूर
१ सप्टेंबर १९८६

नागोजी,

हे अक्षर माझं आहे. आधीची सगळी पत्रं कुसुमनं लिहिली. हे एवढं पान लिहायला मला दोन दिवस लागले. ओळी वर खाली गेल्यात त्या माझा हात तशा नेतो म्हणून.

लाकूड माझं. रंग कुसुमचा. बोर्ड रंगवणारा कुणी नव्हता. हात थरथरतो हे तुला सांगायची लाज वाटली म्हणून खोटं बोललो. तू कौतुक केलंस तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. ऐकायला गोड लागलं, गप्प बसलो.

तुमच्यात सही ज्याची त्यानं करायची असते असं वनजावहिनींच्या पत्रात वाचलं. बरोबर आहे. आमच्यातही कोट एकानं कापला आणि शिवला दुसऱ्यानं तर आत नावाचा बिल्ला दोघांचा लागत नाही, मास्तरचाच लागतो. मी त्याच हिशेबानं चाललो. चुकलो.

विमान तुझंच आहे. दसऱ्याला येऊन घेऊन जा. मला तिथं बसवू नकोस.

रंगनाथ

*

नाशिक
९ सप्टेंबर १९८६

रंग्या,

पत्र तीनदा वाचलं. बायकोला विचारलं, "तुला माहीत होतं?" ती म्हणाली, "एप्रिलपासून." पाच महिने ही बाई गप्प राहिली! मला तुझ्या हातापेक्षा त्याचाच जास्त धक्का बसला.

बोर्ड रंगवणाऱ्याचं बोललो ती माझी चूक. माफी मागायची सवय नाही, तेव्हा एकदाच लिहितो: माफ कर.

आता हुकूम. कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होईल. नावं कुसुमवहिनी लिहितील, सगळ्यांसमोर. विमान धरून ठेवायला लोखंडी जबड्याचा व्हाइस लागेल. आमचा नरसिंहमूर्ती मेटगळ्ळीत वर्कशॉप चालवतो, तो आणेल. जबड्याला फेल्ट लावायला सांगितलंय, ओरखडा येणार नाही. तू पुढच्या खुर्चीत बसायचंस. आणि काम कुणाचं किती ते मी उभा राहून सांगणार, हाताचंसुद्धा. लपवलेलं मला चालत नाही. बेट्टदपुरला पळालास तर तिथला डोंगर चढून वरच्या देवळातून ओढून आणीन.

नागोजी

*

म्हैसूर
१८ ऑक्टोबर १९८६

वनजे,

आजी झालीस! तार मिळाली. नातीच्या अंगावर घालायला पहिली कुंची मीच पाठवणार, दुसरी कुणाची घातलीस तर बघ.

सार्जंटनी तिथं येऊन काय सांगितलं असेल ते मला माहीत आहे. "झालं व्यवस्थित," एवढंच ना? मी सांगते काय झालं ते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी दहाला. हॉलमध्ये पंधरा वीस माणसं, बायका वेगळ्या. सातांपैकी पाच जण हजर होते, दोघं आता नाहीत. सगळ्यात थोरले महादेवराव, सत्तरीला आलेले, पुढं काठी धरून. मास्तर गेल्या वर्षी भावानं शिवलेला कोट घालून आले आणि दोन्ही हात खिशात. मी कितीदा सांगितलं, काढा म्हणून. नाही म्हणजे नाही.

सार्जंट उभे राहिले. त्यांचा आवाज तुला माहीत आहे, कुजबुजले तरी म्हैसूरभर जातो. "विमान रंगनाथनं घडवलं. रंग कुसुमवहिनींचा. कारण रंगनाथचा हात थरथरतो." बस. एवढं बोलून खाली बसले. मी मास्तरांकडे बघायचं धाडस केलं नाही. मागून कुणीतरी बाई "अय्यो पाप" म्हणाली, म्हणजे बिचारा, तेच ते अरेरे, ज्याला आम्ही दोन वर्षं भ्यालो.

नरसिंहमूर्तींनी तो लोखंडी जबडा टेबलाला आवळला, त्यात विमान धरलं. दगडासारखं पक्कं. मी सगळ्यात बारीक ब्रश घेतला, पदर खोचला, पहिलं अक्षर लिहायला टेकवलं आणि रेघ वाकडी गेली.

पुसली, पुन्हा टेकवला. पुन्हा वाकडी. वनजे, माझा हात हलत होता! मला काही व्याधी नाही, घाबरलेही नव्हते तेवढी. तिसऱ्यांदा तर रंग झडपेवरून ओघळला. सार्जंटची मान खाली. ते सतरा वर्षांचं विमान आणि त्यावर माझा डाग.

मग माझ्या लक्षात आलं, आणि ते मला स्वतःलाच तोवर ठाऊक नव्हतं. आजवर एक रेघसुद्धा मी विमान टेबलावर ठेवून ओढलेली नाही. दरवेळी ते मास्तरांच्या हातात असायचं. ते धरायचे, मी माझं मनगट त्यांच्या मनगटावर टेकवून रंगवायची. त्यांचा हात हलायचा तसा माझाही हलायचा, आणि ब्रश जागच्या जागी राहायचा. दोन वर्षांत माझ्या हाताला ती सवय लागून गेली होती. थांबलेल्या विमानावर मला येतच नाही.

मी म्हटलं, "हे काढा इथून. यांच्या हातात द्या."

सार्जंट म्हणाले, "वहिनी, अहो हात हलतो त्याचा!"

"हलू दे," मी म्हटलं. "माझा त्याच्याबरोबरच हलतो."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मग खिशातून हात काढले. सगळ्यांदेखत. वनजे, ते हात दिसत होते, चांगले दिसत होते हलताना, आणि त्यांनी ते लपवले नाहीत. पुढं येऊन बसले, विमान घेतलं, झडप माझ्याकडे केली. मी मनगट टेकवलं. तुकडीतले म्हातारे खुर्च्या ओढून इतके जवळ आले की मला उजेड मिळेना, ओरडावं लागलं.

सव्वा तासात सात नावं झाली. तांदळाच्या दाण्याएवढी अक्षरं, एक वाकडं नाही. शेवटी महादेवरावांनी भिंगातून आपलं नाव वाचलं, मग शेजारचं वाचलं, ते त्यांच्या गेलेल्या मित्राचं होतं. ते रडले. कुणी थांबवलं नाही. सार्जंट उठून आले, आमच्या दोघांच्या हातांवर आपला हात ठेवला आणि काहीच बोलले नाहीत. तुझा नवरा बोलला नाही, म्हणजे काय ते तू समज.

मग चहा आला. दोन वर्षांत मास्तरांनी घराबाहेर चहाचा कप हातात धरलेला नाही. कुणी आणला की "आत्ताच घेतला" म्हणतात. मी पुढं होऊन कप घेणार, तेवढ्यात यांनीच हात पुढं केला. कप बशीवर खडखडा वाजायला लागला. सगळ्यांनी ऐकलं. कोटावर सांडला, धोतरावर सांडला. नरसिंहमूर्ती म्हणाले, "मास्तर, सांडतोय."

"सांडू दे रे," मास्तर म्हणाले, "अर्धा तरी पोटात जातोय ना," आणि दुसरा कप मागितला.

तुझी
कुसुम